यंत्राची शागिर्दी

तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद गालाचा अथवा जिभेचा दूषित भाग तेवढा काढून थांबत नाहीत. त्या बाजूच्या मानेतील लसिकाग्रंथीही, आसपासच्या मेदासह, एका अखंड पट्ट्यासारख्या सोडवून घेतात आणि तो सारा ऐवज फॉर्मालिनच्या बरणीत घालून आमच्या विभागाकडे रवाना करतात. त्या मेदातून एकेक ग्रंथी बोटांनी चाचपून वेगळी काढायची, तिचे काप कॅसेटमध्ये ठेवायचे, मेणाचा ब्लॉक बनवायचा, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे सेक्शन काचेवर घेऊन रंगवायचे, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ग्रंथी काठापासून काठापर्यंत न्याहाळून 'रोग आहे' वा 'नाही' असा शेरा मारायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एका रुग्णाच्या मानेतून वीस-तीस ग्रंथी निघणे ही नेहमीची गोष्ट. आणि मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, जेथे तंबाखू, गुटखा आणि मशेरी यांनी पोळलेली तोंडे साऱ्या महाराष्ट्रातून आणि उत्तरेकडूनही येतात, तेथे अशा स्लाइड्सचे ट्रे रोज सकाळी टेबलावर थप्पीने येऊन पडतात. त्यांतील बहुसंख्य ग्रंथी निरोगी असतात आणि आमच्या कामातील सगळी मेख त्या निरोगीपणातच आहे; कारण एकामागून एक निर्दोष ग्रंथी नजरेखालून जाऊ लागल्या म्हणजे कितीही कसलेला डोळा हळूहळू निर्दोषपणच गृहीत धरू लागतो, आणि रोगाचा पहिला शिरकाव तर ग्रंथीच्या आवरणालगतच्या अरुंद पोकळीत, कित्येकदा दोन मिलिमीटरांहूनही लहान अशा पेशींच्या पुंजक्याच्या रूपाने झालेला असतो. तो पुंजका सापडला की रोगाची पायरी बदलते. तो आवरण फोडून बाहेर पडलेला दिसला तर किरणोपचाराच्या जोडीला औषधोपचाराचाही विचार करावा लागतो. आणि तो निसटला तर त्याची वार्ता आम्हांला बहुधा रुग्ण मानेत नवी गाठ घेऊन परत येतो तेव्हाच लागते.

अशा विभागात संगणकाला 'पाहावयास' शिकवण्याचा प्रस्ताव एका अभियांत्रिकी संस्थेकडून आला, तेव्हा माझ्या कित्येक सहकाऱ्यांनी नाके मुरडली, आणि त्यांचे अगदीच चुकत होते असे मी म्हणणार नाही. आमच्या शास्त्रात अशा आश्वासनांचा इतिहास जुना आहे. गर्भाशयमुखाच्या पेशी तपासण्यासाठी पॅपनेट नावाची संगणकप्रणाली अमेरिकेत 1995 साली सरकारमान्य झाली होती. एका स्लाइडवरील असंख्य पेशींतून अत्यंत संशयास्पद अशी 128 चित्रे निवडून ती माणसापुढे मांडीत असे. कल्पना उत्तम, पण तिचा खर्च कोणाला झेपेना, आणि दशक संपण्यापूर्वीच कंपनीचे दिवाळे निघाले. आमच्या पिढीने ते वाचले होते, आणि म्हणून नव्या उत्साहाकडे आम्ही जरा दुरूनच पाहत होतो.

त्या उत्साहाचे उगमस्थान नेदरलंड्समध्ये होते. तेथील नायमेखेन आणि उट्रेख्त येथील विद्यापीठीय रुग्णालयांनी स्तनकर्करोगाच्या रुग्णांच्या काखेतील लसिकाग्रंथींच्या सुमारे 400 स्लाइड्सची अंकीय चित्रे जगातील संशोधकांना खुली करून 'कॅमेलिऑन16' नावाची एक स्पर्धा लावली होती, आणि तिचा निकाल 2017 च्या डिसेंबरात अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेथे 1 म्हणजे बिनचूक पारख आणि 0.5 म्हणजे निव्वळ छापा-काटा, अशा मापाने सर्वोत्तम संगणकप्रणालीला 0.994 गुण मिळाले. 11 विकृतिशास्त्रज्ञांची सरासरी 0.810 भरली. वृत्तपत्रांनी एवढेच उचलले आणि यंत्राने डॉक्टरांना हरवले म्हणून डंका पिटला. वस्तुतः त्या 11 जणांना 129 स्लाइड्स साधारण दोन तासांत, म्हणजे एका स्लाइडला पुरते मिनिटही न देता, उरकावयास सांगितले होते. आणि ज्या एका विकृतिशास्त्रज्ञाला वेळेचे बंधन नव्हते, त्याने 0.966 पर्यंत मजल मारली होती. हा तपशील मी बैठकीत मोठ्या आवेशाने मांडला. मात्र घरी जाताना लोकलमध्ये मनाशी हिशेब केला तेव्हा हे कबूल करणे भाग पडले की आमच्या विभागाचा रोजचा दिवस त्या निवांत बसलेल्या एकापेक्षा त्या घाईतल्या अकरांशीच अधिक मिळताजुळता होता. मी प्रस्तावाच्या बाजूने मत दिले ते यामुळे.

स्कॅनर आला. तो स्लाइड गिळतो आणि काही मिनिटांनी तिचे चित्र पडद्यावर टाकतो, एवढेच बाहेरून दिसते. आतला मामला मात्र छाती दडपणारा आहे. प्रत्येक चित्रबिंदू पाव मायक्रॉनाचा धरला, तर पंधरा मिलिमीटर लांब-रुंद अशा ऊतीच्या कापाचे चित्र 60,000 बिंदू रुंद आणि तितकेच उंच होते, म्हणजे एकूण 360 कोटी बिंदू. एवढे चित्र कोणतीही प्रणाली एका घासात घेऊ शकत नाही. म्हणून त्याचे 256 बिंदू बाजूचे चौकोनी तुकडे पाडतात, आणि एका स्लाइडचे असे सुमारे 55,000 तुकडे होतात. लसिकापेशीचा व्यास सात मायक्रॉनांच्या आसपास, म्हणजे एका तुकड्यात एका ओळीने जेमतेम नऊ पेशी मावतात. यंत्र प्रत्येक तुकडा पाहून तेथे रोग असण्याची शक्यता किती ते सांगते, आणि मग सारे तुकडे पुन्हा जोडून संशयाच्या जागा तांबड्या आणि निःशंक जागा निळ्या रंगवलेला एक नकाशा आमच्यापुढे येतो. मनुष्य याच्या नेमके उलट चालतो: आम्ही आधी लहान भिंगाखाली साऱ्या ग्रंथीचा आकार, तिच्या रचनेतील विस्कळीतपणा पाहतो आणि खटकलेल्या जागीच मोठे भिंग लावतो. उभ्या आयुष्यात मी एकाही स्लाइडचा प्रत्येक चौकोन पाहिलेला नाही. कोणताच विकृतिशास्त्रज्ञ पाहत नाही.

प्रत्येक चौकोन पाहणाऱ्या या नजरेने पहिला तडाखा दिला तो मात्र डॉक्टरांना नव्हे, तर सेक्शन कापणाऱ्यांना. आमच्याकडे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, ज्यांना शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सारे 'काका' म्हणत. मायक्रोटोमच्या पात्यावरून उतरणारी मेणाची सलग फीत कुंचल्याच्या टोकावर उचलून, पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापवलेल्या पाण्यावर ती अशी सोडावयाची की सुरकुत्या आपोआप सुटाव्यात, आणि मग काच तिरपी बुडवून नेमका हवा तो सेक्शन अलगद वर घ्यावयाचा, ही त्यांची करामत पाहावयास नवे रेसिडेंट मुद्दाम उभे राहत. तरीही ट्रेमागून ट्रे निघत असता कोठे घडी पडे, कोठे पात्याच्या दात्याची रेघ उमटे, कोठे कव्हरस्लिपखाली हवेचा बुडबुडा अडके. आमच्या डोळ्याला त्याची सवय झालेली. घडी दिसली की ती घडी आहे हे आम्हांला कळे आणि आम्ही पुढे जात असू. यंत्राला ते कळेना. घडीच्या जागी ऊती दुहेरी होते, रंग गडद होतो, केंद्रके एकमेकांवर चढतात, आणि गडद, दाटीवाटीची केंद्रके हेच तर कर्करोगाचे लक्षण म्हणून त्याला पढवलेले! नकाशावर प्रत्येक घडी तांबड्या आगीसारखी पेटून उठे. अभियंत्याने हे काकांना दाखवले तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून मला म्हणाले, "बाई, माणसाला जे चालत होतं ते या मशीनला चालत नाही म्हणता, मग हे शिकलंय तरी काय?" प्रश्न रास्त होता. परंतु त्यानंतर महिन्याभरात पाती वेळेवर बदलू लागली, आणि पाण्याच्या भांड्याची उष्णता रोज वहीत नोंदली जाऊ लागली. हिमॅटॉक्सिलिनचा जांभळा रंग नळाच्या पाण्यात धुतल्यावरच निळा होतो आणि त्या पाण्याच्या क्षारतेप्रमाणे त्याची छटा बदलते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य विभागात प्रथमच गंभीरपणे घेतले गेले. ज्या सुधारणांसाठी मी वर्षानुवर्षे परिपत्रके काढली होती, त्या यंत्राच्या एका तांबड्या डागाने घडवून आणल्या. याचे मला वैषम्य वाटले नाही असे नाही.

शिकवणीसाठी नमुने हवेत म्हणून आम्ही दफ्तरखान्याकडे वळलो. तळमजल्यावरील त्या खोलीत जुन्या स्लाइड्सचे लाकडी खण छतापर्यंत लागलेले. लेबलांना कसर लागलेली, डिंक पिवळा पडलेला, आणि पावसाळ्यातील दमटपणाने काही स्लाइड्स एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की सोडवताना काच तडकावी. रुग्णांची नावे लेबलांवर असल्यामुळे, आणि स्कॅनर लेबलाचेही छायाचित्र घेत असल्यामुळे, ते आधी झाकून टाकण्याचा हुकूम नीतिसमितीने दिला होता. नावे झाकली, पण दुसरी एक खूण झाकावी असे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. जुन्या शिरस्त्याप्रमाणे रेसिडेंटला रोग दिसला की वरिष्ठांच्या सोयीसाठी तो कव्हरस्लिपवर पेनाने एक ठिपका देई. म्हणजे रोगाच्या स्लाइड्सवर ठिपके, निरोगी स्लाइड्स कोऱ्या. यंत्राचे गुण पाहता पाहता भलतेच उंचावले, आणि आम्ही पेढे वाटण्याच्या बेतात असतानाच तो तरुण अभियंता दबकत माझ्या खोलीत आला. "मॅडम, ह्याला हिरव्या ठिपक्यांचा फारच जिव्हाळा दिसतो आहे." स्पिरिटचा बोळा फिरवून ठिपके पुसले, आणि गुण धाडकन खाली आले. अशा आडवाटेने जाण्याची खोड साऱ्याच यंत्रांना आहे. अमेरिकेतील 'कॅन्सर जीनोम ॲटलास' या विख्यात संग्रहातील स्लाइड कोणत्या रुग्णालयातून आली हे संगणक ओळखू शकतो, आणि रंग समान करून घेतल्यानेही ती ओळख पुरती पुसली जात नाही, असे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. आपण ज्याला ज्ञान समजत असतो ते परीक्षकाच्या हस्ताक्षराची ओळख असू शकते.

रोगाच्या सीमारेषा पडद्यावर आखण्याचे काम आम्हां डॉक्टरांकडे होते. ते कंटाळवाणे होते यापलीकडे त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. एवढेच नोंदवते की स्लाइडवर रोग आहे की नाही याविषयी ज्या दोन वरिष्ठांचे एकमत असे, त्यांच्या आखलेल्या रेषा एकमेकींवर ठेवून पाहिल्या तर कित्येक ठिकाणी मैत्रीपूर्ण म्हणता येईल एवढेच साम्य आढळे.

मला खरोखर विचारात पाडले ते क्षयाने. आमच्या अभियंत्यांनी आरंभ कोऱ्या पाटीवर केला नव्हता. नेदरलंड्समधील त्या खुल्या संग्रहावर आधीच तयार झालेली प्रणाली घेऊन तिला मानेच्या ग्रंथींचे शिक्षण द्यावयाचे, असा त्यांचा बेत होता, आणि खर्च व वेळ पाहता तो शहाणपणाचाही होता. पहिल्या चाचणीत या प्रणालीने ज्या ग्रंथींवर तांबडा शेरा मारला त्या मी एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. पुष्कळ ठिकाणी तिची पारख अचूक होती. एके ठिकाणी तर आवरणालगतच्या पोकळीतील दहा-बारा पेशींचा एवढासा पुंजका तिने असा दाखवला की मी मनोमन तिला दाद दिली, आणि केराटिनची विशेष रंगक्रिया करवून घेतल्यावर तो पुंजका रोगाचाच ठरला. परंतु त्यांच्याच शेजारी अशाही ग्रंथी निघू लागल्या, ज्यांच्यावर ती तितक्याच ठामपणे कर्करोगाचा शिक्का मारी आणि ज्यांत कर्करोगाचा मागमूसही नसे. तेथे होता क्षय. क्षयाच्या ग्रंथीत लसिकापेशींच्या गर्द निळ्या पसाऱ्यामध्ये फिकट, गुलाबी, मोठ्या पेशींची बेटे तयार होतात. त्या पेशींची केंद्रके लांबट, चपलेच्या तळव्याच्या आकाराची. मधूनमधून एखादी राक्षसी पेशी, तिची केंद्रके घोड्याच्या नालेप्रमाणे काठाने मांडलेली. आणि बेटाच्या मध्यभागी मृत ऊतीचा कणीदार गुलाबी चुरा. आता ज्या यंत्राने आजवर डच स्त्रियांच्या ग्रंथीच पाहिल्या होत्या, त्याच्या लेखी निळ्या पार्श्वभूमीवरील फिकट मोठ्या पेशींचे बेट म्हणजे कर्करोग, याखेरीज दुसरा अर्थच संभवत नव्हता. नेदरलंड्समध्ये क्षय इतका दुर्मीळ झालेला आहे की तो शिकवण्याची गरज त्यांच्या संग्रहकर्त्यांना भासण्याचे कारण नव्हते. आमच्याकडे मानेतील गाठ म्हटली की आधी क्षयच आठवतो, आणि विकृतिशास्त्राचा रेसिडेंट पहिल्या सहामाहीतच ते चित्र अंधारातही ओळखू लागतो.

अशा वेळी मला डॉ. वसंत रामजी खानोलकरांची आठवण होते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दरवाजे 1941 साली उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळेची धुरा त्यांनी वाहिली, आणि 1945 साली सूर्याबाई यांच्यासमवेत त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, ज्यात लोकांच्या राहणीशी जडलेल्या कर्करोगांची मांडणी होती: ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत तंबाखूची गोळी दाबून धरणाऱ्यांचा खैनीचा कर्करोग, आणि वर्षानुवर्षे धोतर जेथे आवळून बांधले जाते त्या कमरेच्या त्वचेवरील धोतराचा कर्करोग. युरोपातील ग्रंथांत ज्यांचा उल्लेखही नव्हता असे हे रोग त्यांना सापडले, कारण ते समोर आलेल्या रुग्णाच्या कमरेकडे आणि गालफडाकडे पाहत होते. त्यांच्या शहरात, त्यांच्याच शास्त्राचे काम करताना, आम्ही परदेशी चित्रांवर पोसलेल्या दृष्टीला येथील ऊतींची पारख सोपवू पाहत होतो, हा विरोधाभास मला त्या दिवसांत फार डाचत असे.

इलाज उघड होता. मानेच्या क्षयग्रंथींच्या स्लाइड्स दफ्तरातून काढल्या आणि 'हा रोग आहे, पण तो रोग नव्हे' असा धडा यंत्राला दिला. खोट्या तांबड्या डागांचे प्रमाण पाहता पाहता उतरले. परंतु एका व्याधीवरील उपाय दुसरीला जन्म देतो तसे झाले: क्षयाची बेटे निर्धोक असतात हे यंत्र इतके मनापासून शिकले की एकाच ग्रंथीत क्षय आणि कर्करोग शेजारी शेजारी नांदत असले, जे आमच्याकडे अधूनमधून घडतेच, तर क्षयाच्या सावलीतील कर्करोगाकडेही ते काणाडोळा करू लागले. मग अशा जोडीच्या ग्रंथी हुडकून काढण्याचे काम निघाले. त्या थोड्या, विखुरलेल्या, आणि जुन्या नोंदवह्यांतील रिपोर्टांत आडवळणाने नमूद केलेल्या. मोठ्या भिंगाखाली त्या दोहोंतील भेद अगदी थोडक्या गोष्टींवर ठरतो: कर्करोगाच्या पेशींचा काठ कोरल्यासारखा असतो, क्षयाच्या पेशी एकमेकींत विरघळल्यासारख्या वाटतात, एकीचे केंद्रक भडक आणि ओबडधोबड, दुसरीचे फिकट आणि सौम्य. हे मी विद्यार्थ्यांना तोंडी सांगत आले होते. ते पुरेशा उदाहरणांनिशी, एकही शब्द न उच्चारता सांगावयाचे म्हणजे किती उदाहरणे लागतात याचा अंदाज मला पूर्वी नव्हता.

आता ती प्रणाली आमच्या रोजच्या कामकाजात आहे. सकाळी ट्रे येण्यापूर्वीच तिने रात्रीतून साऱ्या स्लाइड्स पाहिलेल्या असतात, आणि ज्या रुग्णाच्या ग्रंथींत तिला संशय आहे ती प्रकरणे यादीत वर आलेली असतात. नकाशा मात्र मी आधी पाहत नाही. प्रथम माझे मत नोंदवावे, मग तिचे पडद्यावर यावे, असा क्रम मी आग्रहाने लावून घेतला आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2021 च्या सप्टेंबरात प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीच्या अशाच प्रणालीला परवानगी दिली, तेव्हा तिचे कामही हेच सांगितले होते की विकृतिशास्त्रज्ञाच्या पहिल्या पाहणीत जी जागा निसटली असेल तिच्याकडे तिने लक्ष वेधावे. काही तरुण सहकाऱ्यांना हा क्रम म्हणजे वेळेची उधळपट्टी वाटते. नकाशा आधी पाहिला तर निरोगी ग्रंथी झरझर उरकता येतील, असे ते म्हणतात, आणि टेबलावरील ढीग पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु तांबडा डाग एकदा दिसला की डोळा दुसरीकडे जात नाही, आणि सारा नकाशा निळा दिसला की डोळा मुळी उघडतच नाही, हा माझा स्वतःच्या डोळ्यांबाबतचा अनुभव आहे. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटना तर मी नकाशा पाहूच देत नाही. पुढील पिढी मला यावरून हटवादी म्हणेल, खुशाल म्हणो. रिपोर्टाखाली सही माणसाची असते, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सही करण्याची पद्धत ज्या कचेऱ्यांत आहे, त्या कचेऱ्यांचा कारभार आपण सारेच जाणतो.

तूर्त आमचा पत्रव्यवहार कोकणातील एका जिल्हा रुग्णालयाशी चालू आहे. तेथे एकच विकृतिशास्त्रज्ञ, आणि सगळा भार तिच्यावर. तिच्या स्लाइड्स येथे स्कॅन करून संशयित तेवढ्या त्याच दिवशी तिला कळवाव्यात, अशी मसलत ठरली आहे. पहिल्या खेपेच्या स्लाइड्स पाहिल्या तो सेक्शन आमच्यापेक्षा जाड, रंग तांबूस, आणि यंत्राची पुरती भंबेरी. तिचे सेक्शन तपासले. दोष तिचा नाही, मायक्रोटोम जुना आहे आणि पाती वेळेवर मिळत नाहीत. पात्यांची मागणी जिल्ह्याच्या कार्यालयाकडे गेली आहे. काका गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाले; त्यांना मानधनावर महिनाभर तेथे पाठवावे असा अर्ज मी आमच्या प्रशासनाकडे केला आहे, आणि तिकडचे पाणी बोअरवेलचे आहे की नळाचे याची चौकशी करण्यासाठी त्यांचे मला दोनदा फोन येऊन गेले आहेत.